पगारपत्रकातले गणित

अकरावी कॉमर्सला गेलेली आपली मुले 'डोमेन', 'रेंज' हे शब्द ऐकूनच गणित सोडून दुसरा विषय घेतात. म्हणून वस्तीतील अभ्यासिकेत आम्ही त्यांच्यापुढे पगारपत्रकच ठेवतो.

महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याचा व्यवसाय कर दरमहा ७,५०० रुपये पगारापर्यंत शून्य, त्यापुढे १०,००० पर्यंत १७५, त्याहून जास्त पगाराला २००. (फेब्रुवारीत ३०० कापतात, तो महिना तूर्त बाजूला ठेवू.) नियम तीन, पण फंक्शन एकच. जो जो पगार असू शकतो तो डोमेनमध्ये, म्हणजे शून्यापासून पुढे सारे. फक्त तुकड्यांमध्ये फट राहिली का, एखादा आकडा दोन्हीकडे आला का, हे सांध्यावर तपासायचे. बरोबर १०,००० वाल्याला १७५च. एक रुपया वाढला की २००.

रेंजला मात्र बहुतेक पोरे '० ते २००' लिहून मोकळी होतात. अरे, शंभर रुपये कर कुणाचा कापला? रेंजमध्ये ०, १७५ आणि २००, एवढेच तीन आकडे.

एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना २५,००० पर्यंत हा कर नाही, त्यापुढे २००. डोमेन तेच, पण रेंजमधून १७५ गेला. हे उत्तर आधी मुलींच्या बाकावरून आले.