कार्ल्याची प्रत बोरिवलीत

बोरिवली (पूर्व)

चि. ठमीस,



लेकीच्या गणिताच्या पुस्तकावर 'एक्झेम्प्लर' असं छापलंय आणि क्लासच्या सरांनी "म्हणजे आदर्श" एवढं सांगून पान उलटलं, असं तू फोनवर म्हणालीस. एनसीईआरटीची ती पुस्तकं दहावी-बारावीच्या पोरांच्या दप्तरात असतातच, पण नावाचा विचार कोण करतो? सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण अपुरं आहे. आदर्श म्हटलं की आपल्याला हार घातलेली तसबीर आठवते आणि आपण लांबूनच हात जोडतो. त्या शब्दाचा जन्म इतक्या उंचावर झालेला नाही.

लॅटिनमध्ये 'एमेरे' म्हणजे घेणं. पुढे त्याचा अर्थ विकत घेणं असा झाला. त्याला 'एक्स' जोडलं की 'एक्झिमेरे', बाहेर काढणं. पुष्कळांतून दाखवण्यासाठी बाहेर काढलेलं ते 'एक्झेम्प्लुम', आणि त्याच कुळातला 'एक्झेम्प्लर'. इंग्रजीतलं 'एक्झाम्पल' इथूनच आलं. 'सॅम्पल'ही इथलंच, जुन्या फ्रेंचमधून येताना त्याचं पहिलं अक्षर गळालं. इन्कम टॅक्समधलं 'एक्झेम्प्शन'सुद्धा सख्खं भावंड, कारण तिथेही रक्कम करातून बाहेर काढतात. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, त्यातलं शीत म्हणजे रोमन माणसाचं एक्झेम्प्लुम. ते बाकीच्या शितांहून थोर नसतं. त्याच पातेल्यातलं असतं.

पुढे या शब्दाला दोन्ही टोकांचे अर्थ चिकटले. ज्याचा कित्ता गिरवावा तोही एक्झेम्प्लर, आणि इतरांना धाक बसावा म्हणून कोर्ट जादा भरपाई द्यायला लावतं, तीही 'एक्झेम्प्लरी'.

मला आवडतो तो आणखी वेगळा अर्थ. लॅटिनमध्ये एक्झेम्प्लर म्हणजे ज्यावरून नक्कल करायची ते मूळ, आणि केलेली नक्कलसुद्धा. जर्मन माणूस आजही पुस्तकाच्या प्रतीला एक्झेम्प्लारच म्हणतो. छापखाने नव्हते तेव्हा हे सगळ्यांना सहज पटलं असेल. ज्ञानेश्वरीचंच घे. ग्रंथ शके 1212 मधला, म्हणजे इ.स. 1290 चा. हातोहात उतरवताना त्यात पाठभेद शिरले. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. ती नकलांवरूनच झालेली, पण पुढच्यांनी तिलाच प्रमाण मानलं. ज्या प्रतीवरून नक्कल करायची तिला आपले संपादक 'आदर्श प्रत' म्हणतात. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसा, हेही लेकीला सांग. आरसा समोर असतो आणि त्यात आपल्याला आपलंच तोंड पाहायचं असतं.

मूळ आणि नक्कल या नात्याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या घराजवळच, नॅशनल पार्कातल्या कान्हेरीत आहे; त्यातलं मूळ मात्र कार्ल्याचं. आपण एकवीरेला जातो तेव्हा देवळाला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह दिसतं. लांबी सुमारे 124 फूट, सदतीस खांब, दोन्ही बाजूंच्या खांबांवर हत्तींवर बसलेली जोडपी. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने तिथे लेख कोरवून ठेवला आहे, की जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही. त्यानंतर, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, कान्हेरीचं तिसऱ्या क्रमांकाचं लेणं खोदलं गेलं. डोळ्यांसमोर कार्लेच होतं, याबद्दल जाणकारांना शंका नाही. तशीच कमानदार खिडकी, दर्शनी भिंतीवर तशीच दात्यांची जोडपी, तसेच खांब. पैसा गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांचा.

पण ही प्रत आखूड निघाली. लांबी साडेशहाऐंशी फूट. चौतीस खांबांपैकी एका बाजूचे अकरा आणि दुसऱ्या बाजूचे सहा तेवढे बैठक-माथ्यासह घडवलेले. बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. कारागिरीतही कार्ल्याची सर नाही. एवढंच पाहून कुणी म्हणेल, नक्कल फसली.

मला तसं वाटत नाही. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. पाण्याची टाकी, बसायचे दगडी ओटे, पायऱ्या असा भिक्षूंचा सगळा संसार तिथे आहे, आणि तो जवळजवळ हजार वर्षं नांदला. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतल्या दोन्ही टोकांच्या उभ्या बुद्धमूर्ती, बावीस-तेवीस फुटी, चैत्यानंतर काही शतकांनी कोरलेल्या. कार्ल्याच्या मूळ आराखड्यात त्या नव्हत्या. कित्ता समोर ठेवून काम सुरू झालं, आणि नंतरच्या लोकांनी त्यात आपलं घातलं.

म्हणून लेकीला सांग, पुस्तकातली गणितं ढिगातून नमुन्यादाखल काढलेली आहेत. ती पूजेला नाहीत. ती सोडवावीत, अडावं, पुन्हा सोडवावीत. वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीकडेही तिने तसंच पाहावं, आणि तूही तिला त्या मुलीच्या नावाने टोचू नकोस. ज्याच्या जवळ जाताच येत नाही तो आदर्श काही शिकवत नाही.

सुट्टीत तिला घेऊन ये. नॅशनल पार्कच्या गेटपासून लेण्यांपर्यंत जायला गाडी मिळते. फक्त सोमवारी येऊ नका, त्या दिवशी बंद असतं.

तुझी,
मावशी