समोरचा धागा

गतवर्षी अभ्यागत प्राध्यापक म्हणून परप्रांती असताना, मराठी पुस्तकाला हात न लावणाऱ्या माझ्या कन्येची जैवतंत्रज्ञानाच्या प्रथम वर्षाच्या परीक्षेसाठी मी उजळणी घेत होतो. ‘इकोआरवन’ हे विकर डीएनए कोठे छेदते? ‘जीएएटीटीसी’ या विलोम अक्षरक्रमापाशी, ती उत्तरली. मी हर्षलो : म्हणजे आपले ‘चिमा काय कामाची’! ती हसली. “नाही हो, बाबा. तोच धागा उलट वाचला तर क्रम बदलतो. समोरचा धागा उलट दिशेने वाचायचा. तेव्हा तोच क्रम मिळतो.” तौलनिक साहित्याचा अध्यापक निरुत्तर झाला. साम्य शोधताना मी आजवर बहुधा माझाच धागा उलटसुलट वाचीत आलो होतो. त्या रात्री तिचे पुस्तक मी प्रथमच तिच्या शेजारी बसून वाचले.