शिक्षा

आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर पवित्र शास्त्रातील एक अध्याय वाचण्याची रीत होती. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत क्रमाने वाचन चाले आणि संपले की पुन्हा आरंभ होई. या क्रमात १९५८ सालानंतर एकाच ठिकाणी खंड पडू लागला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय झाला की वडील दोन पाने एकदम उलटून तेराव्यावर जात. तेरावा अध्यायही मुलांसमोर वाचावा असा नव्हे. पण तो ते वाचत. बाराव्यात नाथान संदेष्टा दाविदाला त्याचे पाप दाखवतो, दावीद कबुली देतो, त्याला क्षमा मिळते आणि तरीही त्याचे तान्हे मूल मरते, ही कथा आहे.

त्या वेळी आम्ही नगर जिल्ह्यातील एका खेड्यात राहत होतो. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, माझ्या जिभेला मात्र जुनेच वळण आहे.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली अहमदनगरला आले, त्यानंतर या भागात ज्या लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमची एक. वडील शाळामास्तर होते आणि मंडळीचे खजिनदारही. मंदिराच्या नव्या इमारतीसाठी जमलेल्या पैशांतून त्यांनी त्या वर्षी साठ रुपये काढले. आत्याच्या लग्नाचे देणे अंगावर होते, सावकार दारात बसला होता, आणि दोन पगारांत रक्कम परत ठेवता येईल असा त्यांचा हिशेब होता. नोव्हेंबरात माझ्या सहा वर्षांच्या भावाला घटसर्प झाला. बैलगाडीतून तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत त्याचा श्वास कोंडला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पैशांची गोष्ट तोवर कोणालाच ठाऊक नव्हती. मूठमाती देऊन आल्यावर वडिलांनी स्वतःच ती पंचांना सांगितली. कोणी त्यांना दोष दिला नाही, पाळकांनीही नाही. फक्त एक वृद्ध पंच सांत्वनाला आले असता, अगदी मायेने, दाविदाचा दाखला देऊन गेले. तो दाखला आमच्या घरात राहिला तो राहिलाच.

देव आपल्या लोकांना पापाबद्दल शिक्षा करतो काय, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या ग्रंथांत पुष्कळ चर्चिला गेला आहे. पापाचा दंड ख्रिस्ताने क्रुसावर भरला, मग विश्वासणाऱ्याकडे बाकी काय उरते? पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय तर, जे ख्रिस्तामध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, या निर्वाळ्यानेच सुरू होतो. कॅल्व्हिनने सूडाचा न्याय आणि सुधारणेचे शासन असा भेद केला आणि विश्वासणाऱ्याच्या वाट्याला दुसरेच येते असे म्हटले. ट्रेंटच्या धर्मसभेने सोळाव्या शतकात कॅथलिकांची शिकवण निश्चित करताना, अपराधाची क्षमा झाली तरी त्याचा ऐहिक दंड उरू शकतो, असे ठरवले. वसईचे माझे एक कॅथलिक स्नेही मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाविषयी इतक्या निश्चिंतपणे बोलतात, की मला त्यांचा हेवा वाटतो. तिथे निदान हिशेब ज्याचा त्याच्याकडूनच घेतला जातो.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, बाप मुलाला वळण लावतो तसे देव आपल्याला लावतो, असे सांगितले आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'पैदेइया'. मूल या अर्थाच्या शब्दापासून तो आला आहे आणि त्यात संगोपन, शिकवण, शिस्त, मार हे सारेच येते. मराठीला त्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकवण. आपल्याकडे शिक्षक आणि शिक्षण यांनी तो अर्थ सांभाळला आणि एकट्या 'शिक्षा' या शब्दाच्या हाती छडी आली. वडील स्वतः शिक्षक. त्यांच्या टेबलावर छडी असे. पण ती एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याच्या हातावर त्यांनी कधी मारली नाही. हे मी त्यांना एकदा, कॉलेजात असताना, उद्धटपणे बोलून दाखवले होते. ते म्हणाले, "मी मास्तर आहे रे. तो देव आहे." पुढे आमचे बोलणे झाले नाही.

माझा सारा अडसर तिथेच होता आणि आहे. शासन वडिलांसाठी होते असे मानले, तर माझा भाऊ त्यात कोण होता? तो पाटीवर उलटा 'क' काढी, त्याला गूळ आवडे, आणि झोपेत तो माझ्या सदऱ्याचे टोक धरून ठेवी. एवढा सबंध मुलगा दुसऱ्या कोणाच्या धड्यातले एक उदाहरण म्हणून जन्मला होता काय? यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात, बापाच्या पापाचा भार मुलावर पडणार नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. पण निर्गमात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत झडती घेणारा देवही आहे. वडील दोन्ही जाणत होते. त्यांनी स्वतःसाठी निर्गम निवडले.

आजीने मात्र निवडले नव्हते. तिच्यापाशी तेवढे वाचनच नव्हते. ती मूळची गुजरातकडची. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी ज्या मुलींना तिकडून केडगावला आणून वाचवले त्यांतली ती एक. वय अंदाजे चार-पाच. गुजरातीतले दोन-चार शब्दच तिला उरले होते. भाऊ गेल्यावर पंधराएक दिवसांनी, वडील जेवणाच्या ताटावरून उठून जाऊ लागले, तेव्हा ती म्हणाली, "बस खाली. माझी माय रस्त्याच्या कडेला पडली, तिनं कुणाच्या मंदिराचा पैसा खाल्ला होता? आमचं सगळं गाव मेलं. गावच पापी होतं का? अन् मी एकटी तेवढी पुण्यवान?" वडील बसले, पण जेवले नाहीत.

पुढे ती बाईंविषयी बोलली. बाईंचे आईबाप आणि बहीण १८७० नंतरच्या दुष्काळात गेली, १८८२ साली नवरा गेला. आणि १८८३ साली ख्रिस्ती होऊन शेकडो मुलींची आई झालेल्या या बाईची स्वतःची एकुलती एक मनोरमा १९२१ साली गेली. काही महिन्यांत, १९२२ च्या एप्रिलात, बाईही गेल्या. शास्त्राचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर त्यांच्यामागून छापून निघाले. "बाईंनी काय केलं होतं?" आजीने विचारले. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा येशूने लोकांना हाच प्रश्न विचारल्याचे लूक सांगतो, हे तिला माहीत होते की नाही कोण जाणे. मात्र येशू तेवढ्यावर थांबत नाही. ती अठरा माणसे इतरांहून अधिक पापी नव्हती असे सांगून तो ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला लावतो. आजीचा आधार घेताना हे उत्तरार्धाचे वाक्य मी सोयीने विसरत असे.

आणखी एक गोष्ट मला वडिलांना सांगायची होती. घटसर्पाची लस त्या काळी अस्तित्वात होती. आमच्या गावापर्यंत ती पोचली नव्हती. देशव्यापी लसीकरण १९७८ साली सुरू झाले. भाऊ वीस-पंचवीस वर्षे उशिरा जन्मता तर एका सुईने ही शिक्षा टळली असती. सुईने टळते ती देवाची शिक्षा कसली? मी हे मनात घोकून ठेवले होते. पण वडिलांसमोर बसल्यावर ध्यानात येई, की त्यांच्याकडून हे पाप काढून घेणे म्हणजे मुलाच्या मृत्यूला असलेला एकुलता एक अर्थही काढून घेणे आहे. निरर्थक मरणापेक्षा शिक्षा त्यांना सोसवत होती.

१९८७ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या शास्त्रात, त्याच न वाचलेल्या बाराव्या अध्यायाशी, दोऱ्याने बांधलेल्या पावत्या सापडल्या. घेतलेले साठ रुपये त्यांनी १९५९ च्या फेब्रुवारीतच भरले होते. ती पावती निराळी होती. त्याशिवाय, त्याच वर्षापासून दर नोव्हेंबरात इमारत निधीस साठ रुपये. मंदिर १९६४ साली बांधून झाले, तरी पावतीवर इमारत निधीच; पुढच्या खजिनदारांनी ती अक्षरे खोडून 'सर्वसाधारण' असे लिहिलेले. देवाने इतक्या वेळा मागितले असेल असे मला वाटत नाही.

पावत्या सत्तावीस आहेत. शेवटची १९८५ ची. १९८६ च्या नोव्हेंबरात वडील चांगले हिंडतेफिरते होते, उपासनेला चालत जात, पेन्शनही वेळेवर येत होती. मी मंडळीचे किर्दपुस्तक मागून पाहिले. त्या महिन्यात त्यांच्या नावावर नोंद नाही.