चोर्ला घाटातील थांबा

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या फेस्तासाठी, ३ डिसेंबरला, बेळगावहून जुन्या गोव्यास आम्ही पहाटेच सहकुटुंब निघालो. जुन्या मारुतीचा कार्बुरेटर आदल्या रात्री मीच साफ करून बसविला होता. त्याचा किंचित अभिमानही होता! जांबोटी मागे पडली, दाट रान सुरू झाले. चोर्ल्याच्या उतारावर मात्र पाय उचलला तरी एंजिन घोंघावतच राही, दुसऱ्या गिअरातही गाडी पुढे लोटी. ब्रेक तापल्याचा वास येऊ लागला. मागे आईची जपमाळ चालली होती.

रुंद जागा पाहून थांबलो. अॅक्सिलरेटरची केबल मी इतकी ताणून आवळली होती की कार्बुरेटरची झडप पुरती मिटतच नव्हती. नट सैल करून दोन-तीन मिलिमीटर ढील दिली, एंजिन निवले. ब्रेक थंड होईतो दरीतले धुके पाहत बसलो.

साखळीस उतरेपर्यंत आईचे पाचवे रहस्य संपले. माझ्या कारागिरीविषयी कोणी अवाक्षरही काढले नाही.