गंजाला पाणी लागतं

गंज रंगवायला बसलेला नवखा माणूस सगळ्यात आधी केशरी रंगाची बाटली उघडतो. स्पंज घेतो, पुठ्ठ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं थोपटत जातो, आणि तासाभराने समोर गाजराचा हलवा पसरून ठेवल्यासारखं काहीतरी तयार होतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचं हे ठरलेलं आहे. रंगाची निवड तशी वाईट नसते, ताज्या गंजात केशरी असतोच. पण पाणी कुठे साचलं, कुठून ओघळलं, कुठे लवकर वाळलं नाही, याचा सगळा हिशोब गंजात असतो, आणि तो हिशोब मनात मांडल्याशिवाय ब्रश उचलला की पुठ्ठा पुठ्ठाच राहतो.

मी मिश्र माध्यमात काम करते. भिंतीवरची पॅनेलं, पेट्या, घड्याळं, आणि हौशी नाटकमंडळी आली तर नेपथ्याचे तुकडे. एमडीएफ, पुठ्ठा, पीव्हीसी पाइपचे उरलेसुरले तुकडे, केळीच्या सोपटाचा तंतू, असलं काहीबाही वापरून लोखंड उभं करायचं. लोखंडाचा खराखुरा तुकडा त्यात क्वचितच असतो.

हे शिकायला मी कुठल्या कलाशाळेत गेले नाही. सासर जळगावचं असलं तरी माहेर धुळ्याचं. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे गावाच्या कडेने ट्रकांची गॅरेजं, बॉडी बांधणारे, पत्राकामवाले यांची कमी नाही. आमच्या घराजवळ असंच एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. तिथले मिस्तरी गंजलेला पत्रा समोर आला की लगेच पॉलिश पेपर हातात घेत नसत. आधी गाडीभोवती फिरायचे, खाली वाकून बघायचे, दाराच्या फटीत बोट घालायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, "आठे पानी कथाईन उनं?" पाणी कुठून आलं ते सापडलं नाही, तर वरून कितीही पुट्टी भरा, कितीही रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात फुगवटा त्याच जागी येणार. गंज काढणाऱ्याचा हा प्रश्न गंज करणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो, फक्त मला उत्तर आधी ठरवावं लागतं.

त्याच गॅरेजात आणखी एक गोष्ट दिसायची. गुजरातच्या किनाऱ्यावरून मीठ वाहणारी गाडी आणि इंदूरकडून धान्य घेऊन येणारी गाडी, दोन्हींचा गंज वेगळा. मिठाच्या गाडीची चासी खालून पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली, बोट लावलं तर खपली हातात यावी अशी. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि लोखंड गंजण्याचं सगळं काम त्या बारीकशा विजेवरच चालतं. शिवाय लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान दुपटीच्याही पुढे जातं, म्हणून तो रंगाला खालून ढकलतो, फोड आणतो, कडा उचलतो. माळव्यातल्या गाडीला मात्र गंज असायचा तो दाराच्या खालच्या कडेला, काचेच्या रबराखाली, पन्हळीच्या कोपऱ्यात. बाकी पत्रा धुळीने माखलेला, पण शाबूत.

खानदेशचा गंज हा असा दुसऱ्या जातीचा आहे. जळगावात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्यात त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांत आटोपतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंज वेग घेतो. आमच्याकडे मार्च ते मे ती पातळी फार दूर असते. रत्नागिरीत खिडकीचे गज नुसत्या हवेने गंजतात. जळगावात उन्हाळाभर गंज हवा असेल तर पाणी कुणीतरी आणून ओतावं लागतं.

ते आम्ही आणून ओततोच. खानदेशातला सगळ्यात देखणा गंज घराघरातल्या पत्र्याच्या कूलरच्या टाकीत असतो. वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक तंतूंच्या ताट्या, वरून टपटपणारं बोअरचं जड पाणी, खाली टाकी. ज्या पातळीला पाणी रोज थांबतं तिथे एक काळपट तपकिरी रेघ पडते. त्या रेघेच्या वर क्षारांचा पांढरा पट्टा, आणि पांढऱ्यातून मध्येच फुटलेले पिवळट केशरी डाग. टाकीच्या तळाशी काळा गाळ. नवीन पॅनेल सुरू करायचं असलं की मी मुलींना मोबाइलवर परदेशी कारागिरांचे व्हिडिओ बघू देत नाही. आपापल्या घरचा कूलर उघडून बघा म्हणते. पांढरा पट्टा त्या व्हिडिओंत नसतो आणि त्याच्याशिवाय इथला गंज इथला वाटत नाही.

कूलरनंतर छपराचे पत्रे. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, म्हणून गंज मधल्या सपाटीवर येत नाही. तो खिळ्याच्या भोकाशी येतो, कापलेल्या कडेला येतो, एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या सांध्यात येतो. खिळ्यापासून खाली लांबुळका ओघळ, वर रुंद आणि खाली निमुळता. सपाटीच्या मधोमध गंजाचा गोल डाग रंगवलेला मी पाहिला की मिस्तरींचा प्रश्न आठवतो.

एकट्या थेंबाचाही एक कायदा आहे. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लोखंडावर खाऱ्या पाण्याचा थेंब ठेवून दाखवलं, की लोखंड खाल्लं जातं ते थेंबाच्या मध्याशी, जिथे प्राणवायू कमी पोचतो, आणि गंज मात्र मध्य आणि कड यांच्या दरम्यान कड्यासारखा जमतो. माझ्या कामात याचा सरळ उपयोग होतो. थेंबाचा डाग करायचा तर मध्य गडद आणि किंचित खोल ठेवायचा, भोवती तांबूस कडं, बाहेरची कड पुसट. मध्यभागी केशरी ठिपका दिला की तो रंगाचा शिंतोडा दिसतो.

रेल्वेनेही बरंच शिकवलं. रुळाचा माथा चाकांनी घासून आरशासारखा चकचकीत, पोट मात्र तपकिरी, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाचोरा-जामनेर ही आमची अरुंद गेजची गाडी, लोक तिला पीजे म्हणतात, २०२० च्या टाळेबंदीत थांबली. पुढे तिच्या रुळांचा माथाही तपकिरी झाला. वापरातलं लोखंड आणि टाकून दिलेलं लोखंड यांच्यातला फरक एवढाच: हात, पाय, चाक जिथे लागतं तिथे चमक उरते. म्हणून पेटीवर गंज चढवताना कडीचा आतला भाग आणि झाकण उचलायची जागा मी पेन्सिलीच्या शिशाच्या भुकटीने घासून चकाकती ठेवते. भुसावळच्या यार्डात तर रुळांमधली काळी खडीसुद्धा तपकिरी दिसते. बिडाच्या ब्रेक-ब्लॉकची झीज वर्षानुवर्षं धुळीसारखी खाली पडून गंजलेली असते. लोखंड चालतं झालं, गंज मागे उरला.

आता सामानाचं सांगते, कारण याबाबत दुकानदार लोकांना फार लुटतात. गंजाचा आयता संच म्हणून ज्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यातलं निम्मं सामान सिमेंटच्या दुकानात फरशीचा ऑक्साइड म्हणून पोत्यात भरलेलं असतं. तांबडा, पिवळा आणि काळा ऑक्साइड, तिन्ही लोखंडाचेच. म्हणजे खोटा गंज म्हणून मी जे लावते ते रसायनाच्या दृष्टीने खऱ्याचंच सख्खं भावंड आहे. गंमत अशी की खिडकीच्या ग्रिलला गंजू नये म्हणून आपण जो रेड ऑक्साइड मारतो, त्यालाही तांबडेपण देतो तो लोहाचा ऑक्साइडच.

आणि हे काही आजचं नाही. जळगावहून अजिंठ्याची लेणी साठेक किलोमीटरवर. तिथल्या चित्रांतला तांबडा म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, दोन्ही लोहयुक्त. निळा लाजवर्द दुरून, अफगाणिस्तानाकडून आलेला, पण हे दोन मातीचे. पिवळ्या मातीच्या कणांत पाणी बांधलेलं असतं. तव्यावर नेटाने भाजली की ते सुटतं आणि माती तांबडी होत जाते. मी घरीच भाजते, जुन्या तव्यावर, खिडक्या उघड्या ठेवून. वेगवेगळ्या वेळी उतरवली की पिवळ्यापासून विटकरीपर्यंत चार-पाच छटा एका मुठीतून मिळतात, आणि त्या एकमेकींशी कधी भांडत नाहीत. गंजाचं तेच गणित: ओल असते तिथे पिवळसर केशरी, जुनं आणि कोरडं झालं की गडद तांबूस तपकिरी. पिवळा कुठे द्यायचा हे आपोआप ठरतं.

कृती अशी. एमडीएफवर फेविकॉलमध्ये खडूची भुकटी कालवून एक हात, तो ओला असतानाच गिरणेची वाळू चहाच्या गाळणीतून भुरभुरवायची, पण फक्त पाणी साचलं असं ठरवलेल्या जागी. वाळलं की सगळीकडे काळा-तपकिरी. फोड हवे असतील तिथे मी प्लास्टिकवर फेविकॉल आणि रंगाचा जाड थर वेगळा वाळवते, सोलून काढते आणि तुकडे कडा उचलून चिकटवते. मग तांबडा. मग पॅनेल उभं धरून फवारणीच्या बाटलीने पाणी मारायचं आणि पातळ पिवळा-तांबडा वरून सोडायचा. ओघळ ब्रशने काढू नये, हाताने काढलेला ओघळ फार शहाणा दिसतो. पाण्याला आपली वाट शोधू द्यावी, खिळ्यापाशी अडखळू द्यावं. शेवटी कोरडी ऑक्साइडची पूड बोटाने खाचांत. केशरी सगळ्यात शेवटी, चिमूटभर.

मे महिन्यात यातलं काही धड होत नाही. पारा ४४-४५ अंशांवर गेला की ओघळ अर्ध्या वाटेतच वाळतो आणि त्याला कागद कापल्यासारखी कड येते. मी तेव्हा पहाटे काम करते, नाहीतर कूलरच्या खोलीत.

खरा गंजही करता येतो. लेथवर मिळणारा लोखंडाचा बारीक चुरा फेविकॉलमध्ये कालवून लावायचा, वाळला की व्हिनेगर, मीठ आणि केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं शिंपडायचं, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. उन्हाळ्यात व्हिनेगर काम करायच्या आधीच उडून जातं, म्हणून वरून प्लास्टिक झाकावं लागतं. रंग झकास येतो. त्यावर कडक कोरा चहा फिरवला की काही भाग निळसर काळा पडतो, कारण चहातलं टॅनिन लोखंडाशी काळं संयुग करतं. हिरड्याची काळी शाई याच गुणावर चालायची. पण खरा गंज थांबत नाही. वार्निशखाली जरा ओल राहिली की तो पुढे चालू लागतो, कागद फाडतो, भिंतीवर डाग उमटवतो. गिऱ्हाइकाच्या घरी जाणाऱ्या वस्तूवर मी तो लावत नाही.

नाटकवाल्यांचं वेगळंच. दहाव्या रांगेतून वाळूचा कण दिसत नाही आणि पिवळ्या दिव्याखाली केशरी रंग धुऊन जातो. रंगमंचावरचा गंज काळ्या, तपकिरी आणि चक्क निळसर करड्या रंगात करावा लागतो. दिवसाउजेडी दिग्दर्शक तो पाहून घाबरतो. त्याला प्रकाशयोजना होईपर्यंत थांबवून ठेवणं हे कामाचं अवघड अंग.

अलीकडे कॅफेच्या भिंतींवर रस्ट फिनिश मारून देणारे रंगारी जळगावातही आलेत. भिंत टोकापासून टोकापर्यंत सारखी तांबूस, छताखालीही तेवढीच आणि जमिनीपाशीही तेवढीच. मला ते आवडत नाही, पण माझं मत कुणी विचारत नाही. माझी अडचण उलटी आहे. हे सोन्याच्या बाजाराचं गाव. पॅनेल पाहून झालं की चारातलं एक गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "ताई, छान आहे, पण कडेने थोडं सोनेरी मारा ना." मी मारून देत नाही. चमक हवी असेल तर कडी घासलेली आहे म्हणते. वार्निशही मॅटच लावते, तोही पातळ, कारण चकाकी आली की गंज मेला.

देताना एकच विचारते, टांगणार कुठे. तांबड्या ऑक्साइडला पाण्याचं भय नाही, पण खालचा एमडीएफ ओल प्यायला की कडांनी फुगतो. मागची बाजू आणि चारही कडा मी फेविकॉल पाजून बंद करते, तरी कूलरच्या झोतासमोर ते पुरत नाही. तिथेच लावायचं असेल तर आधी सांगा, सनबोर्डवर करून देते. वजनालाही हलकं पडतं.