घरीं कोणी आहे का?

‘व्ही. पी. नें मागवा’ हे शब्द पुस्तकांच्या जाहिरातींखालीं वाचीत आपल्या घरांतल्या कित्येक पिढ्या वाढल्या. हिंदुस्थानांत टपालखात्यानें ही सोय १८७७ सालीं सुरू केली : वस्तु दारीं घ्यावी व पैसे पोस्टमनच्या हातीं द्यावे. आजची ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही तिचीच धाकटी बहीण. २०२५ च्या १ सप्टेंबरापासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन झालें. पण तेथेंही घेणारा हात लागतोच. पद्धत जुनीच असतां अडचण मात्र नवी कां?

कारण उघड आहे. पूर्वीं एकत्र कुटुंबाच्या दाराला दिवसा कुलूप म्हणून नसे. आजी, काकू, आत्या, कोणी ना कोणी हांकेला ओ देई. आमच्या घरीं आजही सात माणसें आहेत. परंतु दहा वाजले कीं उरतात ते ऐंशीं वर्षांचे आमचे तीर्थरूप, आणि त्यांस कमी ऐकूं येतें. गेल्या महिन्यांत त्यांच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांचें पार्सल ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत गेलें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं दार उघडलें, तों सांकेतिक आंकडा गेला आमच्या भावजयींच्या फोनवर. आणि त्या वर्गांत शिकवीत होत्या! पार्सल पुन्हां माघारीं गेलें व औषधांत तीन दिवसांचा खंड पडला. ही गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी खास नव्हे.

अशा वेळीं वडील मंडळी म्हणतात, ‘पूर्वीं घरीं कोणी तरी असे.’ हें खरें. पण तें ‘कोणी तरी’ म्हणजे घरांतली स्त्री. तिला बाहेरची वाट मोकळी नव्हती, म्हणून दार उघडें राही. पार्सलांच्या सोयीसाठीं तो काळ परत यावा, असें कोणाही सुज्ञास वाटणार नाहीं.

तेव्हां कुलपास दोष न देतां व्यवस्था बदलावी, हें बरें. औषधें संपण्यापूर्वीं आठ दिवस मागवावीं. घरीं राहणाऱ्या माणसाचाच फोन नंबर कळवावा. शेजाऱ्यांस आधीं विचारून ठेवावें आणि त्यांचीं पार्सलें आपणही आनंदानें घ्यावीं. आमच्या इमारतींत चार बिऱ्हाडांनीं वार वांटून घेतले आहेत. बुधवारीं आम्हांस कचेरीचें काम घरून करण्याची मुभा असते; म्हणून त्या दिवशीं चारही घरांचें ‘कोणी तरी’ म्हणजे आम्ही!