सभासद, पण सन्माननीय

२५ जानेवारी, सिंगापूर

आज स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. इथली स्कॉटिश मंडळी जानेवारीत त्याच्या नावाने जेवणावळ घालतात आणि हॅगिस कापण्याआधी त्या पदार्थालाच उद्देशून त्याची कविता म्हणतात! बर्न्स गेला १७९६ मध्ये. स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला त्याच्या नावाचा क्लब निघाला १८०१ मध्ये. अशा क्लबांना सन्माननीय सभासद हवेच असतात. त्या सभासदांच्या पत्रांचा साचा मात्र ठरलेला: आभार, अभिमान आणि येता न आल्याचा खेद.

आपल्याकडे तरी वेगळं काय? २०११ मध्ये विश्व मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं. अध्यक्ष महेश एलकुंचवार. संमेलन कुठलंही असो, शुभेच्छापत्रं वाचली जातात, टाळ्या पडतात, पत्रं फायलीत जातात.

टिकलं ते निराळंच पत्र. १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी खेद नव्हे, नकाराचं कारण कळवलं. जे शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ कसा बसावा, हा त्यांचा सवाल. त्या सभेतली भाषणं आज कुणाला आठवतात? न आलेल्याचं पत्र मात्र अजून वाचलं जातं.

आम्ही परदेशी राहणारेही मराठीचे एक प्रकारे सन्माननीय सभासदच. शाल-श्रीफळ मिळतं, मत क्वचितच विचारलं जातं. पण दूर असण्याची एक सोय आहे: भिडेखातर गप्प बसावं लागत नाही. पुढच्या खेपेला कुणी शुभेच्छा मागितल्या, तर सोबत एक अडचणीचा प्रश्नही पाठवावा म्हणतो.